नागपूरचं तिकीट

१९७६चा मे महिना होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मारोतराव बायकोला एवढंच म्हणाले, "मले घरी ने वं. मायले पाहू दे."

मारोतराव नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. आगगाडीचा प्रवास आता त्यांना झेपणार नव्हता, म्हणून सोबतच्या कामगारांनी वर्गणी करून विमानाची तिकिटं पाठवली. कुसुमावतीनं नवऱ्याला खिडकीशी बसवलं आणि पाठीला चादरीची घडी दिली.

नागपूर जवळ आलं तसं खाली सगळं पिवळं दिसू लागलं. धुळीचं वादळ उठलं होतं. विमानानं घिरट्या घातल्या, मग ते वळलं आणि थेट हैदराबादला उतरलं.

"आलं का नागपूर?" मारोतरावांनी विचारलं.

"नाही जी. हैदराबाद हाय. उद्या जाऊ."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

विमान कंपनीच्या काउंटरवर रेड्डी नावाचा कारकून होता. तो म्हणाला, हवामान कंपनीच्या हातात नाही, रेल्वेचं तिकीट काढून देतो. बाकीचे प्रवासी कुरकुरत निघून गेले. कुसुमावती हलली नाही. उमरेडच्या विणकराची ती लेक, साहेबाशी कधी वर मान करून बोलली नव्हती.

"टिकट नागपूर का है, साहब. नागपूरच छोडो. इनसे रेल में बैठना नहीं होता."

ती तेच तेच म्हणत राहिली. शेवटी रेड्डीनं दुसऱ्या दिवशीच्या विमानात दोघांना जागा दिली, राहायला खोलीही दिली.

सकाळी ती चहा घेऊन आली तर मारोतराव गेलेले होते.

तिनं दोन्ही तिकिटं पुन्हा काउंटरवर ठेवली. रेड्डीनं त्यातलं एक हळूच बाजूला केलं. "ये अब पॅसेंजर नहीं रहे, बहन. नीचे, सामान के साथ जाएंगे. कायदा है."

"कल तो थे," ती म्हणाली. "कल नागपूर उतारते, तो अपने घर में मरते."

रेड्डीनं शवपेटी मागवली. पेटी विमानाच्या पोटात चढेपर्यंत तो उन्हात उभा राहिला. तिच्या शेजारची जागा त्यानं कुणालाच दिली नाही. कुसुमावती सबंध वाटेत त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसली होती.

नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर सासू आली होती. भागीरथाबाईंना मुलगा गेल्याची खबर पोचली होती, तरी त्या उतरणाऱ्या प्रवाशांकडेच बघत होत्या.

"कुठी हाय वं माहा मारोती?"

कुसुमावतीनं त्यांचा हात धरला आणि सामानाच्या फाटकाकडे चालू लागली.

"एकटाच आला का थो?"

"नाही बाई. आमी संगच आलो."

फाटक उघडायला बराच वेळ लागला. दोघी तिथंच उभ्या राहिल्या.