कुरेबायाशीच्या पट्टीखाली

आश्लेषानं अकरावीत शाळा सोडली तेव्हा अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी घरांमध्ये आठवडाभर दुसरा विषयच नव्हता. सतरा वर्षांची पोर, आई-बाप दोघं आयटीत, आणि ही म्हणते, वर्गात बसलं की अंगाला मुंग्या डसतात. पुढं बबल टीचं दुकान आठ दिवसांत सोडलं, कारण मॅनेजर सारखं हसायला सांगायचा. कुत्री फिरवायचं काम चार दिवसांत सुटलं. कुत्र्यांशी जमलं, मालकिणीशी नाही. शेवटी बाबांनी, म्हणजे राजेशनं, फर्मान काढलं, "दिवाळीपर्यंत एका जागी टिकून दाखव. नाहीतर जानेवारीत गुपचूप शाळेत परत."

आणि काय नवल, पोरगी टिकली. शेजारच्या कॅरी गावात, मोरेश्वर काकांच्या गॅरेजमध्ये. सात आठवडे झाले होते.

मोरेश्वर काका फार्मा कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नव्हती. ती बिचारी बारा महिने बाहेर उन्हात. आत टेबल, दिवे आणि घडी करून मिटणारे बारा जुने कॅमेरे. सगळे एकाच जपानी कंपनीचे, कोबे शहरातल्या कुरेबायाशी शोकाईचे. शोकाई म्हणजे व्यापारी पेढी. पहिला कॅमेरा काकांचे आजोबा सोलापूरला ज्या फोटो स्टुडिओत नोकरीला होते तिथला, बाकीचे ऑनलाइन लिलावात झुंजून मिळवलेले. काका नऊ वर्षं या पेढीचा इतिहास लिहीत होते. शैलजा काकू तिला 'तुमची ती कुरेबाई' म्हणायच्या, सवतीबद्दल बोलावं तसं.

इतिहास असा, की शंभर वर्षांपूर्वी जर्मन कॅमेरे मागवून विकणाऱ्या या पेढीनं एक दिवस ठरवलं, आता आपणच बनवायचे. स्वतःचा कारखाना, स्वतःचे कारागीर, आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर नावाची पितळी पट्टी. हे सांगताना काकांचा आवाज भरून यायचा. येत्या शनिवारी कॅमेरा क्लबमध्ये त्यांचं यावरच भाषण होतं.

आश्लेषाकडं साफसफाई आणि स्लाइड्स. तिची नजर घारीची. कॅमेऱ्याच्या चामडी भात्यातलं सुईच्या टोकाएवढं भोक ती लांबून दाखवायची, आणि काका खूश होऊन तिला शेंगदाण्याची चिक्की द्यायचे.

खंडेनवमीला काकूंनी घोळ घातला. या दिवशी हत्यारांची पूजा करायची, आणि आमच्या घरातलं हत्यार म्हणजे कॅमेरा, असं त्यांचं म्हणणं. काका दरवर्षी फक्त लांबून फूल वाहू द्यायचे. या वर्षी ते डेंटिस्टकडं गेलेले बघून काकूंनी आजोबांच्या कॅमेऱ्याला घसघशीत ओलं हळदकुंकू लावलं.

"आश्लेषा, ते यायच्या आत पुसतेस का गं?" काकू दारातून कुजबुजल्या. "जरासं ओघळलंय."

"जरासं? काकू, सिरियसली? मर्डर झालाय इथं."

"तोंड आवर आणि पूस आधी."

कुंकू ओघळून पितळी पट्टीच्या खाली शिरलं होतं. तिनं स्क्रू काढले, पट्टी अलगद उचलली, कापूस फिरवला. खालचा धातू लख्ख झाला, पण काही रेघा लालच राहिल्या. परत पुसलं. रेघा तशाच. भिंग लावलं तेव्हा तिचा हात थांबला. तिथं आधी अक्षरं कोरलेली होती. कुणीतरी ती कानशीनं घासून काढली होती, पण घासणाऱ्यानं कंटाळा केलेला. अक्षरांचे तळ उरले होते, आणि त्यांत कुंकू जाऊन बसलं होतं.

तिनं फोन वर धरून भाषांतर करून घेतलं. 'योशिनागा बंधू, ओसाका.'

कोबे नाही, कुरेबायाशी नाही.

तिनं दुसऱ्या कॅमेऱ्याची पट्टी काढली. खाली तसाच घासलेला चौकोन. काकूंच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू चोळलं आणि पुसलं. नाव आलं, पण तिसरंच.

म्हणजे या पेढीनं आयुष्यात एक खिळाही ठोकला नव्हता. दुसऱ्यांनी बनवलेले कॅमेरे घ्यायचे, त्यांची नावं घासायची, वर आपली पट्टी मारायची.

आश्लेषा स्टुलावर बसून राहिली. सांगितलं तर काकांची नऊ वर्षं पाण्यात, आणि त्या रागात आपली गच्छंती. मग जानेवारीत शाळा. पट्टी परत लावली तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिनं पट्टी लावायला घेतली. एक स्क्रू अर्धा फिरवलासुद्धा. पण जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती किती वेळ गप्प बसणार?

काका आले, एक गाल बधिर, ओठ वाकडा.

"काका, तुमची कंपनी फ्रॉड आहे."

अशी सुरुवात करायची नव्हती तिला. पण बाण सुटला होता. तिनं पट्टी बाजूला फिरवली. काकांनी वाकून लाल अक्षरं पाहिली, दुसरा कॅमेरा पाहिला. आधी चेहरा उतरला, मग चढला.

"कुणाला विचारून उघडलंस हे?"

"काकूंनी—" दारात काकू हात जोडून उभ्या होत्या. "मीच उघडलं. मला वाटलं म्हणून."

"नंतर कुणीतरी पट्टी बदलली असेल."

"दोन्हीची? दोन वेगळी नावं आहेत काका, आणि घासलंय सेम कानशीनं. ओरखडे तरी बघा!"

"नऊ वर्षं घालवलीत मी यात," काका वाकड्या ओठांनी गरजले. "आणि शाळा सोडलेली मुलगी मला शिकवणार?"

झालं. आगीत तेल.

"मग बरोबरच आहे! तुम्हाला पट्टीच दिसते. कॅमेऱ्यावरची पण आणि माणसावरची पण!"

तिनं बॅग उचलली, हेल्मेट उलटं घातलं आणि सायकल हाणली ती थेट मॉरिसव्हिलपर्यंत.

सकाळी बाबांनी विचारलं, "आज नाही जायचं?"

"जातेय ना," ती खेकसली आणि खरंच निघाली. हे तिचं तिलाच नवीन. आजवर एकदा सोडलेल्या दारात ती परत गेली नव्हती. सायकलवर सराव चालला होता. 'सॉरी काका, पण...' तो 'पण' ठेवायचा की काढायचा, हे कॅरी येईपर्यंत ठरेना.

गॅरेज उघडं होतं. काका टेबलाशी, चष्मा कपाळावर, दहाही बोटं लालभडक. बाराही कॅमेऱ्यांच्या पट्ट्या निघालेल्या.

"सकाळी सहापासून माझा करंडा घेऊन बसलेत," काकू चहाचा कप धरून म्हणाल्या. "लग्नात मला एवढं कुंकू लावलं नव्हतं."

"सात," काका म्हणाले.

"काय सात?"

"सात नावं निघाली. बारा कॅमेरे, सात वेगळे कारखाने. एक तर छत्र्या बनवणारा दिसतोय, नावाशेजारी छत्री कोरलीय त्यानं." ते आजोबांच्या कॅमेऱ्याकडं वळले. "मला कळायला हवं होतं गं. सोलापूरला सगळे फोटो माझे आजोबा काढायचे. मागे शिक्का मालकाचा."

 

"सॉरी काका," आश्लेषा म्हणाली. 'पण' आलाच नाही.

"काल माझी अर्धी जीभ बधिर होती," काका म्हणाले. "उरलेल्या अर्धीनं तरी नीट बोलायला हवं होतं. शनिवारी हेच सांगायचं. पट्टीखालची माणसं. पहिली तीन प्रकरणं कचऱ्यात."

एवढ्यात तिची नजर टेबलाच्या कोपऱ्यातल्या स्टीलच्या वाटीवर गेली.

"काका, हे काय?"

"स्क्रू."

"कुठल्या कॅमेऱ्याचे?"

काका चहा पिऊ लागले. "सगळ्यांचे."

"सगळ्यांचे?" तिचा आवाज वरच्या मजल्यावर गेला असेल. "बारा कॅमेऱ्यांचे, हातानं आटे पाडलेले स्क्रू! एकाचा दुसऱ्यात जाणार नाही, आणि तुम्ही चिवड्यासारखे एकत्र केलेत?"

"उत्साहाच्या भरात गं. शनिवारपर्यंत होईल?"

तिनं दिवा ओढला, भिंग डोळ्याला लावलं. "टेबलाला कुणी धक्का लावायचा नाही. काकू, फॅन बंद. आणि बाबांना कळवा, मी शनिवारपर्यंत बिझी आहे."

"आणि शनिवारनंतर?" काकांनी भीतभीत विचारलं.

"नंतर ती तीन प्रकरणं परत कोण टाइप करणार? तुम्ही? एका बोटानं?"

काकांनी लाल बोटांनी फोन लावला. "राजेश? अरे, आश्लेषा आहे इथं. ओरडतेय ना, ऐकू येतंय? नाही नाही, भांडण नाही. म्हणजे आहे, पण कामाचं आहे. अजून बरेच महिने चालेल."