दोरीवरची वर्दी

लाँड्रीवालीने सकाळपासून घराचा किल्ला केला होता. पिंप, बादल्या, एवढंच काय, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडायचा तांब्याही काठोकाठ भरलेला. सासूबाईंच्या गोळ्या, मेणबत्त्या, पिठाचा डबा हाताशी. दाराला कपाट, खिडकीला उभी गादी. शहरातल्या दंगलीमुळे नवरा मालट्रकसकट परगावी अडकला होता. सकाळी फोनवर "कोण्णाला दार उघडू नकोस" म्हणाला आणि फोनच बंद पडला.

घराला एकच नियम होता, आवाज नाही. आत चिटपाखरूही नाही, असं गल्लीला वाटलं पाहिजे. आता सासूबाईंची कुजबुजसुद्धा तीन मजले ऐकू जायची, कानांनी दगा दिल्यापासूनची सवय. त्यांनी तोंड उघडलं की छकुली टुणकन उठून आजीच्या तोंडावर हात ठेवायची. आजीला तो खेळ वाटत होता.

दुपारी घोषणा जवळ आल्या. खालून कुणीतरी धावत ओरडत गेलं, "चौकी पेटवली! पोलीस दिसला की सोडत नाहीयेत!"

लाँड्रीवाली झटकन खिडकीकडे वळली. त्या चौकीतल्या शिपायाची वर्दी तिच्याकडे धुवायला होती. धुतलीही होती. आणि ती बाहेर वाळत होती, गल्लीच्या बरोब्बर मध्ये!

तिच्या खिडकीपासून समोरच्या शिंपिणीच्या खिडकीपर्यंत दोन कप्प्यांवरून दोरी फिरायची. दोघींचं गूळपीठ होतं तेव्हा बांधलेली. पुढे ओल्या कपड्यांचं पाणी शिंपिणीच्या नव्या कापडावर ठिबकलं, त्यावरून जुंपली आणि बोलणं तुटलं. दोरी तेवढी राहिली. किल्ला करायच्या नादात हिने पाण्याचा थेंब न् थेंब जपला आणि दोरीकडे ढुंकून पाहिलं नाही!

गादी जराशी सरकवून तिने दोरी ओढली. कप्पी अशी करकरली की तिचा हात जागीच थिजला. वर्दी वीतभरच पुढे आली होती. कोपऱ्यावर कुठलंसं शटर फुटलं. आता ओढावी तर आवाज, सोडावी तर वर्दी.

तेवढ्यात दोरी आपोआप हलली, उलट्या दिशेने! शिंपीण खिडकीत उभी राहून दोन्ही हातांनी ओढत होती. ही बया आता वर्दी त्यांच्या हातात देणार, सगळा सूड एकदम उगवणार. लाँड्रीवालीने छकुलीला पोटाशी घट्ट धरलं.

वर्दी शिंपिणीच्या घरात गेली आणि जमाव गल्लीत वळला. कप्पी अजून करकरत होती. माना वर झाल्या.

"किती वेळा सांगितलं गं तुला!" शिंपीण खिडकीतून अर्धी बाहेर येऊन कडाडली. "तुझी गळकी धुणी माझ्या दारापुढे नकोत म्हणून! सगळी फेकून देईन!"

जमाव थबकला. एकजण म्हणाला, "कुणावर ओरडतेय ही? समोर तर सगळं बंद आहे. बघा रे, कोण लपलंय तिथे."

लाँड्रीवालीच्या जिन्यात पावलं वाजली.

सासूबाईंनी नातीचा हात तोंडावरून बाजूला केला. "अगं, गप्प काय बसलीस? उत्तर दे तिला!"

लाँड्रीवालीने गादी ढकलली. ती खिडकीतून बाहेर वाकली. "फेकून बघ! हात लावून तर बघ माझ्या कपड्यांना! तुझं कापड काय सोन्याचं आहे?"

"सोन्याचंच आहे! तुला काय कळणार, भांडकुदळ मेली!"

"तू भांडकुदळ! तुझी जीभ आधी शिवून घे!"

खाली हशा पिकला. "चला रे, इथे आधीच दंगल पेटलीये," कुणीतरी म्हणालं. पावलं जिना उतरली. घोषणा पुढे सरकल्या.

तरी दोघी थांबेनात. लाँड्रीवाली ठेवणीतल्या शिव्या देत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आता वर्दी समोरच्या घरात होती, शिंपिणीच्या तीन पोरांच्या घरात. जमाव परत याच गल्लीतून येणार होता.

शिंपिणीचा आवाज एकदम बसला. तिने कात्री उचलून वर्दीवर टेकवली, खिडकी लावून घेतली, आणि मग शिवणयंत्र चालू झालेलं ऐकू आलं. लाँड्रीवाली गादी न लावता, समोरच्या बंद खिडकीवर नजर ठेवून तिथेच उभी राहिली.