पांढऱ्या पडद्यापुढची सुरई

"जिथे गरज आहे तिथेच बस गं. मिरवायला गेलीस की कामातून जाशील," मला भट्टीतून बाहेर काढताना कुंभारीण म्हणाली होती. मी ते कानाआड केलं. नुकती भाजून निघालेली, लांब मान, गोल पोट. त्या वयात कोण कोणाचं ऐकतं?

मित्रांनो, मी एक जुनी सुरई आहे. आता पोटाला बारीक तडा गेलाय आणि मुक्काम दाराबाहेरच्या पायरीवर आहे. पण उमेदीची सगळी वर्षं मी एका चित्रपटगृहाच्या वरच्या केबिनमध्ये काढली.

ती केबिन म्हणजे भट्टीची धाकटी बहीण. मशिनच्या दिव्यानं भिंतीसुद्धा तापायच्या. तिथे ऑपरेटरकाका बसायचे. काकू रोज घरून मला भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी कडेवर घेऊन जिना चढायची. खाली ठेवताना रोज तेच बजावायची: रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, उकाडा आहे, तहान अंगावर काढू नका. काका म्हणायचे, तू सुरई भरतेस की माझे कान? मग निमूटपणे एक पेला पाणी प्यायचे. तोवर ती हलायची नाही. त्यांचं झालं की स्वतःही तिथेच पेलाभर प्यायची. तिचं पाणी पिणं असं त्यांच्या मागोमागचं.

खाली एक चित्रपट मंडळ देशोदेशीचे चित्रपट दाखवायचं. बहुतेक सगळे अन्नपाण्याचे. एकात नदी कारखान्याला विकलेली, आणि काठावरच्या बायका तिच्याकडे परक्याचं घर पाहावं तशा पाहायच्या. एकात गोदाम धान्यानं भरलेलं, दाराशी बंदूकवाला शिपाई. एकात घरची सून सगळ्यांना वाढून, शेवटी भांडं खरवडून खायची. मी केबिनच्या झरोक्यातून सगळं पाहायचे. भाषा कळायची नाही, पण रिकाम्या भांड्याचा आवाज कुठल्याही देशात सारखाच. खेळ संपला की मंडळी व्हरांड्यात वाद घालायची. पाणी कोणाच्या मालकीचं? पंगतीत आधी बसतं कोण? काका वर रिळं गुंडाळत ऐकायचे आणि पेला माझ्या तोंडाशी धरायचे. "यांचं ठरेपर्यंत आपण पिऊन घेऊ."

मंडळाच्या सचिवबाई मनानं चांगल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी फक्त पाण्यावरच्या चित्रपटांचा आठवडा भरवला. शेवटच्या दुपारी मोठा चित्रपट होता. आटलेल्या नदीच्या पात्रात एक आई हातांनी खड्डा खणत राहते. बाईंनी ठरवलं, तहान नुसती पाहायची नाही, भोगायची. खेळ संपेपर्यंत कोणी पाणी प्यायचं नाही. व्हरांड्यातलं पाण्याचं पिंप झाकलं. शेवटी रंगमंचावरच्या एकाच भांड्यातून सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा. भांडं हवं जुनं, मातीचं, देखणं.

त्या जिना चढून आल्या आणि मला पाहून हरखल्या. काकू मला ठेवून नुकतीच परतली होती. काका हसून म्हणाले, "न्या की. एका खेळात मी काही वाळत नाही."

मला पडद्याशेजारी उंच स्टुलावर ठेवलं. गळ्यात फुलं घातली. लोक वाकून वाकून पाहत होते, काय सुबक घडण आहे म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चित्रपट सुरू झाला. लोक डोळे पुसू लागले. पडद्यावरची आई खणत होती, नखं तुटत होती, ओल लागत नव्हती. आणि अचानक पडदा पांढरा झाला. चित्र नाही, आवाज नाही, नुसता उजेड.

मला लगेच कळलं. रीळ संपलं होतं आणि दुसरं चालू करायला हात आला नव्हता. इतक्या वर्षांत काकांचा हात कधी चुकला नव्हता. पण मातीला ओरडता येत नाही, मित्रांनो.

लोक स्तब्ध बसून राहिले. त्या मंडळींना असल्या चित्रपटांची सवय होती. पुढच्या रांगेत एकजण कुजबुजला, "काय धाडसी शेवट आहे. तहानेला चित्रच नसतं." शेजारच्यानं मान डोलावली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. त्या पांढऱ्या उजेडात ओळीनं येऊन ते माझ्यातलं पाणी घोट घोट प्यायले. काकांचं पाणी. मी तळापर्यंत रिकामी झाले, तेव्हा कोणाला तरी वाटलं, दिवे का लागत नाहीत?

काका मशिनला टेकून बसले होते. दुसरं रीळ मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, उष्म्याचा ताण हृदयावर आला. थोडं आधी कोणी पाहिलं असतं तर.

सचिवबाई काकूपुढे रडल्या. म्हणाल्या, "त्यांनी नुसती हाक मारली असती तरी..."

"खेळ चालू असताना ते बोलायचे नाहीत, ताई," काकू म्हणाली. "तुमच्या चित्रपटात मध्येच आवाज नको म्हणून."

तिनं मला उचलून घरी आणलं. पुन्हा भरलं नाही. कोरडी पडले, तडा गेला, बाहेर आले. मंडळाची माणसं सुरुवातीला यायची, डबे आणायची. मग येईनाशी झाली. काकू एकटीच. स्वतःसाठी पेला भरून घेण्याची तिला कधी सवयच नव्हती. उन्हं डोक्यावर आली तरी आतून भांड्याचा आवाज येत नाही. मी कान लावून असते.

आज दुधाची पिशवी अजून पायरीवरच आहे, माझ्या शेजारी. ऊन तिच्यावर आलंय. दार उघडलेलं नाही. शेजारीण म्हणाली, झोपली असेल, आणि निघून गेली.

मला पाय नाहीत. मित्रांनो, चित्रपटगृहामागच्या गल्लीत, शेवटचं निळं दार. कडी वाजवा. उत्तर आलं नाही तर ढकला, आत जा, आणि काकूला आधी पाणी पाजा.