धुऱ्यावर न लावलेली पुडी

मी एक जुनी पुडी आहे, मित्रांनो, साध्या सरकीची. फडताळात पडून राहण्यातच माझं आयुष्य गेलं. आज मात्र मी मातीत आहे आणि मातीतूनच तुमच्याशी बोलते आहे.

कारखान्यात मला एका मोठ्या पिशवीच्या पोटात घातलं गेलं. त्या पिशवीत बीटी कपाशीचं, इथल्या बोलीत पऱ्हाटीचं, बियाणं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला असा गुण दिला होता, की बोंडअळीने त्या झाडाला तोंड लावलं की ती मेलीच. माझ्यात तसलं काही नव्हतं. उलट अळीने मला पोटभर खावं, म्हणूनच मला पाठवलं होतं. हसू नका. तेही काम कुणीतरी करावंच लागतं.

चांदूर रेल्वेच्या दुकानातून खुशालरावांनी आम्हाला घरी आणलं. पेरणीआधी प्रियदर्शनीताई गावात आल्या. त्या कृषी सहायक. त्यांनी मला पिशवीतून काढून सगळ्यांना दाखवलं आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेने, लावायला सांगितलं.

"काका, बीटी खाऊनही एखादी अळी वाचतेच," त्या म्हणाल्या. "तिचा पतंग झाला, अन् ते पाखरू धुऱ्यावरच्या साध्या पऱ्हाटीतल्या पाखराशी जुळलं, तं पिल्लं नाजूक निघतात, बीटी खाऊन मरतात. साधी पऱ्हाटीच नसली, तं वाचलेली पाखरं आपसातच जुळतीन. मंग त्यायची पिल्लं बीटीनं मरनार नाईत."

"मी तं लावतोच मॅडम. काहून नाई लावनार?" खुशालराव म्हणाले. मला छातीशी धरून त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला. मला जन्मात मिळालेला मान तेवढाच. मी वेडी, त्या शब्दावर विसंबले.

सरकी टोबायच्या, म्हणजे एकेक बी मातीत खोचायच्या दिवशी खुशालरावांच्या पत्नी मैनाबाई मला घेऊन धुऱ्याशी आल्या. तिथे खुशालराव अडले. त्यांचा धुरा ऐन रस्त्याला लागून. गावात शेतकऱ्याची पारख रस्त्याकडच्या ओळींवरूनच होते, आत शिरून कोण बघतो?

"रस्त्यावरच अळीनं खाल्लेली पऱ्हाटी दिसली तं जानारे-येनारे काय म्हनतीन?"

"अवो, पन मॅडमले शब्द देला ना तुमी?"

"एका धुऱ्यानं काय होते वं!"

बीटीचं बी थेट रस्त्यापर्यंत लागलं आणि मी फडताळात गेले. गावात घरोघरी हेच झालं. दुसरा कोणी लावील, असं प्रत्येकाला वाटलं.

खरं सांगायचं तर पहिली वर्षं झकास गेली. त्याआधी फवारून फवारून खुशालरावांचे डोळे लाल व्हायचे. एकदा तर वावरातच भोवळ येऊन पडले होते, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बीटी आल्यावर पंप खुंटीवर गेला. दरवर्षी नवं बियाणं विकत आणावं लागे, त्यातली पुडीही कधी धुऱ्यावर गेली नाही, घरची सरकी राखायची सोय उरली नव्हती, पण माणूस सुखाने झोपत होता. फडताळातून मी ते बघायचे. मला हेवा वाटला नाही. हे सुख टिकवायलाच तर मी आले होते!

मग एका वर्षी सीतादहीचा दिवस उजाडला. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीला दहीभात दाखवतात, तो सण. मैनाबाईंनी पूजा केली आणि पहिलं बोंड तोडलं. वरून ते टणक, हिरवंगार होतं. उकललं, तर आत जिवंत गुलाबी बोंडअळी. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यातही.

"बियान्यानं धोका देला!" घरी येऊन खुशालराव ओरडले. शेजारीपाजारीही तेच बोलू लागले. मित्रांनो, तेव्हा मला तोंड असतं तर! शब्द कुणी दिला होता? फोटो कुणी काढून घेतला होता? नवं बियाणं काही देव नव्हतं आणि राक्षसही नव्हतं. त्याने सांभाळायची एक अट घातली होती. ती अट म्हणजे मी, आणि मला फडताळात कोंबून हे लोक बियाण्यालाच लबाड म्हणत होते.

पंप पुन्हा खांद्यावर आला. डोळे पुन्हा लाल.

यंदा पेरणीआधी प्रियदर्शनीताई परत आल्या. नव्या पिशवीत साधी सरकी मिसळूनच येते, वेगळी पुडी नसते, असं त्यांनी सांगितलं.

"असं काहून केलं मॅडम?" खुशालरावांनी विचारलं.

उत्तर मैनाबाईंनीच दिलं. "तुमच्यावर कोनाचा भरोसा रायला नाई म्हनून."

मैनाबाई उठल्या आणि फडताळातून मला काढलं. "आता तं लावतेच मी हिले," म्हणाल्या, आणि त्यांनी मला धुऱ्यावर, अगदी रस्त्याच्या कडेला टोबलं. खुशालरावांनी स्वतः पाणी आणून घातलं.

मित्रांनो, जे सांभाळायचं ते वेळेत सांभाळा. बियाणं कायम जिवंत राहत नाही. माझ्यातला जीव फडताळातच गेला, कधी गेला ते मलाही कळलं नाही.

आजूबाजूची कपाशी दोन पानांवर आली आहे. मैनाबाई रोज सकाळी धुऱ्याशी वाकतात, माती बोटाने हळूच सारून बघतात. मी काही उगवणार नाही. आता त्याही म्हणतील, बियान्यानं धोका देला.