पुढचा पाय

"डोळे मिटा," उस्ताद म्हणाले आणि दातांच्या डॉक्टरांनी शहाण्या मुलासारखे डोळे मिटले.

डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदाच स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय एका फळीला बांधून, बर्फावर उतरणार होते. बूट भाड्याचे, हेल्मेट भाड्याचं, हातमोजेही भाड्याचे. स्वतःचं असं फक्त पोट. उस्ताद त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, क्षणभर थांबले आणि त्यांनी डॉक्टरांच्या पाठीत एक धक्का दिला. "अहो, अहो, अहो!" करत डॉक्टर पुढे झुकले आणि पडता पडता त्यांचा डावा पाय आपोआप पुढे आला.

"डावा," उस्तादांनी जाहीर केलं. "बोर्डवर तुमचा डावा पाय पुढे राहणार. काहींचा उजवा असतो."

"नुसतं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं की!"

"विचारलं की माणूस विचार करायला लागतो, आणि विचार केला की चुकतो. पाय खोटं बोलत नाहीत, डॉक्टर."

हे वाक्य उस्तादांनी गेल्या वीस हिवाळ्यांत किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नव्हती. उताराच्या पायथ्याशी त्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत भाड्याचे बोर्ड आणि बूट, मागच्या खोलीत कारखाना: बोर्डला मेण लावायची इस्त्री, कडांना धार काढायच्या कानशी, डबे भरभरून स्क्रू. काचेच्या कपाटात तीन सुवर्णपदकं टांगलेली होती. लोक बोर्ड घ्यायला येत आणि त्या तीन शर्यतींच्या गोष्टी ऐकून जात. दर हिवाळ्यात त्या गोष्टींतला उतार थोडा अधिक उभा होत असे, पण उस्तादांना ते सांगणार कोण?

डॉक्टर बुटांचे पट्टे आवळून घेत होते तेवढ्यात भिंगरी आत आली. भिंगरी म्हणजे उस्तादांची सोळा वर्षांची लेक. चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून हे नाव. परत आलेल्या बुटांचा ढीग तिने हनुवटीपर्यंत रचून आणला होता. दारात बर्फ वितळून पाण्याचं थारोळं झालं होतं, ते काही तिला त्या ढिगापलीकडे दिसलं नाही. पाय त्यात पडला आणि ती घसरली. घसरली म्हणजे पडली नाही. गुडघे किंचित वाकवून, अंग तिरकं करून, दारापासून थेट गल्ल्यापर्यंत ती अशी सरकत आली की ढिगातला एक बूटही हलला नाही.

"वा!" डॉक्टर म्हणाले.

उस्ताद तिच्या पायांकडे बघत होते. उजवा पाय पुढे होता.

ते गल्ल्याला वळसा घालून तिच्या मागे गेले आणि, डॉक्टरांना दिला तसाच, एक धक्का दिला. बूट धडाधड खाली पडले.

"बाबा! वेडबीड लागलंय का?"

उजवाच.

"काही नाही," उस्ताद म्हणाले. "उचल ते बूट." आणि डॉक्टरांना त्यांनी दोन वेगवेगळ्या मापांचे हातमोजे देऊन वाटेला लावलं.

हजारो लोकांना धक्के देऊन झाले. पोटच्या पोरीला मात्र एकदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. भिंगरी सहा वर्षांची झाली तेव्हा उस्तादांनी माळ्यावरून स्वतःचा लहानपणचा बोर्ड उतरवला होता. ज्यावर ते शिकले, तोच. पाय बांधायचे पट्टे जिथे होते तिथेच ठेवले, तिच्या इवल्याशा बुटांना बसतील एवढे फक्त आवळले. डावा पाय पुढे. तिला त्यावर उभी केली तेव्हा उस्तादांचे डोळे भरून आले होते. पुढचा प्रत्येक बोर्ड त्या पहिल्या बोर्डसारखाच जोडला गेला. तिच्या पायांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

आणि ती शिकली. कष्टाने, दात-ओठ खाऊन शिकली. पण टाचांवर भार टाकून घ्यायचं वळण आलं की तिचं अंग लाकूड व्हायचं. उस्ताद म्हणत, घाबरते. दोन हिवाळ्यांपूर्वी एका शर्यतीत ती शेवटून तिसरी आली, तेव्हा पायथ्याशी जमलेल्या चार लोकांत ते बोलून गेले होते, "खाण तशी माती म्हणतात, पण आमच्या मातीत हा भित्रेपणा कुठून आला कोण जाणे!" लोक हसले. भिंगरीही हसली. त्यानंतर उतारावर तिला हसताना कुणी पाहिलं नाही.

आज गुरुवार. रविवारी संघाची निवड होती. तेवीस मुलींतून आठ. या वेळी निवड झाली नाही तर बोर्ड कायमचा ठेवून देणार, असं भिंगरीने आईला सांगून टाकलं होतं.

दुपारी उस्ताद जेवणाचा डबा घेऊन रोपवेच्या खोलीवर गेले. भिंगरीची आई तिथे काचेआड बसून खुर्च्यांचा रोपवे चालवायची. कुणी म्हातारं माणूस चढताना दिसलं की दांडा ओढून खुर्ची हळू करायची, ते बसलं की पुन्हा सोडायची. उस्तादांनी सगळं सांगितलं. तिने डबा उघडला, पण घास काही घेतला नाही.

"मग? सांगणार कधी तिला?"

"आत्ता सांगितलं तर रविवार हातचा गेला. नव्या पायावर तीन दिवसांत काय होतंय? सोमवारी सांगतो ना सावकाश."

"सोमवारी तिचा बोर्ड माळ्यावर असेल. मग काय माळ्याला सांगणार आहेस?"

"अगं, पण ती जरा तरी बरी खेळली रविवारी..."

"दहा वर्षं जरा बरीच खेळतेय ती." तिने उस्तादांकडे न बघताच दांडा ओढला, एक आजोबा काठीसकट खुर्चीत बसले. "रविवारचं निमित्त कशाला करतोस? तुला लाज वाटतेय. तीन पदकांच्या माणसाने पहिल्या दिवशीची चूक केली, हे सांगायची लाज."

ते खरंच होतं. उस्ताद डबा तिथेच ठेवून परत आले.

पाच वाजता गिऱ्हाईक संपलं. भिंगरी मागच्या खोलीत रविवारसाठी बोर्डला मेण लावत होती. इस्त्री तिने फार वेळ एकाच जागी ठेवली होती, मेणाचा धूर निघत होता. एरवी उस्ताद ओरडले असते. त्यांनी इस्त्री बंद केली, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

"सकाळी तू घसरलीस ना."

"सॉरी. पुसून घेतलं मी ते पाणी."

"ते नाही गं. उजवा पाय पुढे होता तुझा. मग मी धक्का दिला, तेव्हाही उजवाच." त्यांनी स्टूल आणखी जवळ घेतलं. "तू उजवी आहेस, भिंगरे. पहिल्यापासूनच असणार. मी तुला माझ्या पट्ट्यांवर उभं केलं. बघितलंच नाही. तुझं वळण अडायचं ते त्याच्यामुळे. चूक माझी आहे. सगळीच्या सगळी माझी."

भिंगरी बोर्डकडे बघत राहिली. नखाने तिने मेणाचा एक वाळलेला थेंब खरवडून काढला, मग दुसरा.

"म्हणजे मी भित्री नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं बाळा."

"सगळ्यांसमोर म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"मी रोज रात्री झोपताना स्वतःला बजावायचे, उद्या घाबरायचं नाही. आणि उद्या पुन्हा तेच." तिचा आवाज चिरकला. "दहा वर्षं, बाबा! येईल त्या डॉक्टरला, वकिलाला, पोस्टमनला धक्के देतोस तू. मीच तेवढी कशी राहिले?"

उस्ताद मान खाली घालून बसले. आपल्याला रडू येतंय हे त्यांना कळलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग ते म्हणाले, "एक कर. रविवारी जुन्याच पायाने जा. निवड होऊन जाऊ दे. मग बदलू, निवांत, सुरुवातीपासून."

भिंगरीने हात पुढे केला. "स्क्रू-ड्रायव्हर."

"थांब, मी करतो..."

"तू नको."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. ती आठही स्क्रू एकेक करून काढायला लागली. उजवा पाय पुढे येईल असे पट्टे फिरवून बसवताना तिने कोन जरा चुकीचाच धरला. मागचा पाय फार तिरका येत होता. उस्तादांच्या जिभेवर शब्द आले. त्यांनी ते गिळले आणि दुकानाचा पुढचा दरवाजा लावायला उठून गेले.

शुक्रवारी सकाळी ती नवशिक्यांच्या उतारावर गेली. जाताना तिने एकच अट घातली, बाबाने तिकडे फिरकायचं नाही. उस्ताद दुकानात अडकून पडले. रोपवेच्या खोलीतून तो उतार स्वच्छ दिसायचा, तेव्हा फोन तेवढा वाजत राहिला.

"पडली," आई सांगायची. "पुन्हा पडली. आता डॉक्टरांच्या अंगावर पडली."

"लागलं का?"

"डॉक्टरांना? थोडं."

"अगं, तिला!"

"उठली. डॉक्टरच तिला काहीतरी समजावून सांगतायत."

एक दिवसाचा शिकाऊ डॉक्टर आपल्या लेकीला बोर्ड शिकवतोय, हे ऐकून उस्तादांनी एका गिऱ्हाइकाच्या बोर्डला खालच्याऐवजी वरच्या बाजूने मेण लावून ठेवलं. संध्याकाळी भिंगरी लंगडत घरी आली. तिने जेवताना पट्ट्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. पण जेवण झाल्यावर स्वतःच दुकानाच्या मागच्या खोलीत गेली, मागच्या पट्ट्याचा कोन तिने सरळ केला आणि येऊन झोपली. शनिवारीही तेच. फक्त दुपारी फोन आला तेव्हा उस्तादांनीच आधी विचारलं.

"काय झालं? पडली?"

"नाही," आई म्हणाली. "म्हणूनच फोन केला."

रविवारी उस्तादांनी दुकान बंद ठेवलं आणि कुंपणाशी जाऊन उभे राहिले. निवड करायला यंदा एक प्रशिक्षिका बाहेरून आल्या होत्या. काटक, पांढऱ्या केसांच्या, हातात नंबरांची यादी. इथलं कुणीच त्यांना माहीत नव्हतं. भिंगरीचा नंबर तेवीस, सगळ्यांत शेवटचा. ती कुठल्या पायाने उतरणार, हे उस्तादांनी विचारलं नव्हतं. मनातून मात्र ते एकच घोकत होते: जुना, जुना, आजच्या दिवस जुना.

वर एक ठिपका दिसला, सुटला, पहिल्या झेंड्याला वळला. उजवा पाय पुढे होता.

दुसऱ्या झेंड्याला ती आपटली. उठली. पाचव्याला पुन्हा. कुंपणाशी कुणीतरी म्हणालं, "उस्तादांची ना ही? काय झालंय काय हिला आज?" उस्तादांनी मान वळवली नाही. प्रत्येकीला दोन फेऱ्या होत्या. पहिलीत भिंगरी तीनदा पडून खाली आली. बाकीच्या बावीस मुलींपैकी सगळ्यांत सावकाश आलेल्या मुलीलाही तिच्या निम्माच वेळ लागला होता.

दुसऱ्या फेरीत ती वरच्या टप्प्यावर दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडल्यावर बर्फात बसूनच तिने पट्टा पुन्हा आवळला, चांगला वेळ घेऊन, आपल्यासाठी कुणी खोळंबलंय याची पर्वा न करता. मग उठली. शेवटचे सहा झेंडे राहिले होते. पहिल्याला ती पायाच्या बोटांवर वळली. दुसरं वळण टाचेवरचं होतं. उस्तादांनी कुंपणाची दोरी घट्ट धरली. तिचं अंग लाकूड झालं नाही. ती नुसती कलली आणि बोर्ड तिच्याखालून वळत गेला, जसं काही तो वळणारच होता. तिसरा झेंडा, चौथा, पाचवा. सहाव्याला ती गरजेपेक्षा जास्तच वळली, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली, अंतिम रेषा पाठमोरीच ओलांडली आणि बसकण मारली.

यादी लागली. तेवीस मुली, तेविसावी भिंगरी.

प्रशिक्षिका कुंपणाशी आल्या. उस्तादांच्या जॅकेटवर दुकानाचं नाव होतं, तेच भिंगरीच्या बोर्डवर.

"तेवीस नंबरचा बोर्ड तुमच्याकडचा ना? मुलगी ओळखीची आहे?"

"आहे."

"किती काळ झाला, शिकतेय त्याला?"

"तीन."

"तीन वर्षं?"

"तीन दिवस," उस्ताद म्हणाले.

प्रशिक्षिकांनी यादीतून मान वर केली. मग त्यांनी उताराकडे पाहिलं, त्या शेवटच्या सहा झेंड्यांकडे.

"कुणी शिकवलं?"

कुंपणाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. गेली दहा वर्षं उस्ताद ते न विचारताच सांगत आले होते. तिकडे रेषेपलीकडे भिंगरी बर्फातच बसून होती; कॉलरमधून आत गेलेला बर्फ बाहेर काढत होती आणि बावीस नंबरच्या मुलीला काहीतरी सांगून खो खो हसत होती.

"अजून कुणी नाही," उस्ताद म्हणाले.

"बरं," प्रशिक्षिका म्हणाल्या. यादीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून त्यांनी पेन खिशाला लावलं आणि त्या भिंगरीच्या दिशेने चालू लागल्या. उस्तादही दोन पावलं त्यांच्यामागे गेले. मग थांबले आणि दुकान उघडायला वळले.