जुरेमाच्या जप करणाऱ्या चिलाप्या

पहाटे साडेपाचला जुरेमा धरणाच्या काठावर चारशे माणसं गुडघे टेकून बसली होती. समोरच्या खोबणीत, काठात शिरलेल्या उथळ, संथ पाण्यात, माझ्या झुल्मिरामावशीचे सहा पिंजरे तरंगत होते. त्यांतल्या हजारो चिलाप्या, म्हणजे तिलापिया मासे, पाण्याबाहेर तोंडं काढून ओठ हलवत होत्या. उघड, मीट. उघड, मीट. कान दिला तर बारीक चुटचुट आवाजही येत होता.

"मुके जीव माळ जपतायत," पाऊस आणून देतो म्हणत बाहेरून आलेला ओतासिलिओ बुवा म्हणाला. "आणि तुम्हाला अर्ध्या माळेतच जांभया येतात."

लोक ओशाळून हसले आणि त्यांनी मूठमूठ मक्याचा कुस्कूस आणि कसावा कंदाचं पीठ पिंजऱ्यांवर उधळलं. एरवी रविवारी पोहायला आणि तळलेले मासे खायला येणारी शहरातली मंडळीसुद्धा डोक्यावर रुमाल घेऊन बसली होती. धरणाच्या सांडव्यावरून सहा वर्षांत पाणी वाहिलं नव्हतं. संत जोसेफच्या दिवशी, एकोणीस मार्चला, पाऊस आला तर वर्ष चांगलं, नाही तर नाही, हे आमच्याकडे मूलही सांगतं. बुवाचं म्हणणं असं, की त्या दिवसापर्यंत नऊ दिवस पहाटे मासळीचा जप अखंड चालला, तर पाऊस नक्की. मध्येच कुणी पिंजरे हलवले, तर पाप त्याच्या माथी.

गावात पिंजऱ्यातली मासळी पहिल्यांदाच वाढवली जात होती. जुने कोळी जाळ्याचे; पिंजऱ्यातल्या माशाच्या सवयी त्यांना ठाऊक नव्हत्या. मावशीनं सात महिने दिवसातून तीनदा होडी वल्हवत खाद्य घातलं होतं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मांस कुणी खात नाही, मासळीला मागणी येते. त्यासाठीच ती ही चिलापी राखत होती. पिंजरे आधी धरणाच्या भिंतीजवळच्या खोल, वाऱ्याच्या पाण्यात होते. भाविकांना काठावरून दर्शन घडावं म्हणून बुवानं ते खोबणीत ओढून आणवले. इंजिनाच्या होड्यांना तिथे बंदी केली. म्हणे आवाजानं जप मोडतो.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. बोलते कमी. पण पाचव्या दिवशी अकरा मासे मेलेले दिसले आणि सहाव्या दिवशी चाळीस, तेव्हा मावशीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की हा जप नव्हे, मासे गुदमरतायत. पिंजरे परत ने.

ती भांडं घासतच राहिली.

"मला दिसत नाही का?" ती म्हणाली. "पण मासे मेले तर माझे एकटीचे मरतील. पाऊस नाही आला तर तो सगळ्यांचा जाईल, आणि बोट माझ्याकडे. मग या गावात मी राहू कुठं, पोरी?"

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन विसळलं.

सातव्या दिवशी ढग आले. वारा पडला. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती आणि मी पिंजऱ्यांकडे बघत होते. बुवा मात्र आकाशाकडे बघून खुशीत होता. उद्या एकही मासा तळाशी राहणार नाही, सगळेच्या सगळे वर येतील, असं त्यानं जाहीर केलं. इतकं नेमकं त्याला कसं माहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडला.

दुपारी मी मावशीच्या पिंजऱ्यातले बारा मासे एका बादलीत घालून चर्चच्या ओट्यावर नेऊन ठेवले. मावशीच माझ्याबरोबर आली होती. लोक जमले. बुवाला म्हटलं, जरा आशीर्वाद द्या.

त्यानं बादलीत डोकावून पाहिलं आणि झटकन म्हणाला, "एवढे एका बादलीत? मरतील ना."

"का मरतील, बुवा?" मी विचारलं.

तो बादलीपासून मागे सरला.

"जप करतील, असं म्हणायला हवं होतं तुम्ही," मावशीचा दीर वाल्देनोर मागून म्हणाला. तो होडीवाला, पिंजरे त्यानंच ओढून आणले होते. "मागे नदीकाठच्या मत्स्यशेतीवर कामाला होतो म्हणालात ना? तिथेही जप करायचे का?"

थोड्या वेळात बारा तोंडं वर आली. उघड, मीट. दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला. मी मगानं बादलीतलंच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहिले. पाणी फेसाळलं. हळूहळू एकेक मासा खाली गेला.

मग मी सांगितलं. पाण्यात हवा मिसळलेली असते, मासा तीच श्वासाला घेतो. दिवसा उन्हात हिरवं शेवाळ तीत भर घालतं. रात्री तेच शेवाळ ती वापरतं. म्हणून पहाटे ती सर्वांत कमी आणि ऊन चढलं की जप बंद. बुवांनी दुपारचा जप कधी ठेवला का? वाऱ्यानं, होडीनं पाणी घुसळलं तर हवा मिसळते. ते दोन्ही आपण तोडलं. आपण टाकलेलं पीठ तळाशी कुजतं, तेही हवा खातं. आज ऊन नाही. हे मासे उद्या सकाळ बघणार नाहीत.

मावशी उठून धरणाकडे निघाली, लोकही मागोमाग. ती खोबणीत उतरली, आणि कमरेएवढ्या पाण्यात पहिली दोरी सोडू लागली.

"झुल्मिरा," बुवा ओरडला, "ती गाठ सोडलीस तर ढग माघारी जातील."

"मग त्यांना जरा थांबायला सांगा," ती म्हणाली. "मला मासे घेऊन पलीकडे जायचंय."

वाल्देनोरनं इंजिन चालू केलं. पिंजरे फार हळू ओढावे लागतात. अंधार पडेपर्यंत चारच भिंतीजवळ पोचले. पहाटे त्या चारांत मासे खाली शांत फिरत होते. खोबणीत राहिलेले दोन पिंजरे पांढऱ्या पोटांनी भरले होते. त्या दिवशी कुणी गुडघे टेकले नाहीत. बुवा सकाळच्या बसनं गेला.

एकोणीस तारखेला पाऊस आला नाही. शेजारच्या क्रेउझानं मावशीशी बोलणं टाकलं; पवित्र आठवड्यातली मासळी मात्र तिनं दुसऱ्याच्या हातून आमच्याकडूनच मागवली.

"खरंच ते ढग माझ्यामुळे नाही ना गेले?" मावशीनं मला एकदा खाद्य घालता घालता विचारलं.

"ढग समुद्रावरून येतात, मावशी. ते तुला ओळखतही नाहीत."

ती हसली, पण पुन्हा आकाशाकडे बघितलंच तिनं. चार पिंजऱ्यांतले मासे खोबणीतून बाहेर काढता आले. तिला या भीतीतून बाहेर काढायला एक बादली पुरणार नाही. त्यासाठी गावानं विचार करायला हवा. पुढच्या वेळी कुणी तोंड उघडमीट करताना दिसलं, तर हात जोडण्याआधी एवढंच पाहा, की त्याला श्वास मिळतोय का.