रिकामी टाकी

टाकी रिकामी आहे, असं आम्हाला उड्डाणाआधी पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं होतं. सांगणारा होता वॉल्टर हॅलोरन, त्या भरकटलेल्या उपग्रहाच्या मालक कंपनीतला बडा अधिकारी. ह्यूस्टनला आमच्या सरावाला यायचा, प्रत्येकाला नावानं हाक मारायचा, क्लाइडच्या मुलींची चौकशी करायचा. माणूस गोड होता.

यानात आम्ही पाच जण. दोन नवे उपग्रह अवकाशात सोडायचे आणि चुकीच्या कक्षेत अडकून पडलेला हॅलोरनचा उपग्रह पकडून परत आणायचा, असं काम. यानाचा लांबलचक यांत्रिक हात मी आतून चालवत असे. त्याच्या टोकाशी पाय अडकवून बाहेर उभा राहायचा तो क्लाइड थिबोडो, लुइझियानाचा, आमच्यातला सगळ्यात निवांत गडी.

नवे दोन्ही उपग्रह अलगद सुटले. मग जुन्याची पाळी आली. क्लाइडनं त्याच्या बुडाला पकड लावली मात्र, आणि कुठल्याशा झडपेतून पांढरा फवारा उडाला. बघता बघता क्लाइडच्या छातीवर, हातमोज्यांवर हिमासारखा थर जमला.

"नोरीन," तो रेडिओवरून मला म्हणाला, "या रिकाम्या टाकीतून बरंच काही निघतंय."

ते इंधन होतं, जहाल विषारी. तसाच तो आत आला असता तर आम्हा पाचही जणांची फुप्फुसं जळाली असती. आमचा कमांडर रॉस यानं क्षणभरही विचार न करता त्याला उपग्रह सोडून द्यायला सांगितलं. उपग्रह गिरक्या घेत दूर निघून गेला. आता एकच उपाय होता, उन्हात उभं राहून तो थर उडून जाऊ द्यायचा. यान लवकरच पृथ्वीच्या सावलीत शिरणार होतं, आणि पोशाखातला प्राणवायू काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. मी क्लाइडला सूर्यासमोर धरून हळूहळू फिरवत राहिले.

"सगळीकडून सारखा भाज गं," तो म्हणाला. "एकाच बाजूनं करपलो तर घरी ओळखणार नाहीत."

मला हसू आलं नाही. शेवटचा पांढरा डाग गेला तेव्हा अंधार पडायला लागला होता. तो आत आल्यावर मी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

परतलो तर वर्तमानपत्रांत छापून आलेलं, अंतराळवीराचा हात सुटला आणि उपग्रह गेला. बातमी हॅलोरनच्या कंपनीनं पुरवलेली. क्लाइडच्या मुलींना शाळेत पोरं 'तुझ्या बापाच्या हाताला लोणी लागलं होतं का' म्हणून चिडवत होती.

पत्रकार परिषदेआधी मी हॅलोरनला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं आणि टाकीचं विचारलं. त्यानं आवाज खाली आणला, जणू मी त्याच्याच बाजूची होते. "थोडं इंधन उरलंय, हे आधी सांगितलं असतं, तर तुम्हाला जाऊच दिलं नसतं ना!"

मी आत गेले. पहिलाच प्रश्न क्लाइडच्या हाताबद्दल आला. रॉस काही बोलायच्या आत मी माइक ओढून घेतला आणि हॅलोरनचं ते वाक्य, जसंच्या तसं, सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. हॅलोरन मागच्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

त्यानं अर्थातच कानांवर हात ठेवले. पण क्लाइडच्या पोशाखाच्या शिवणींत इंधनाचे अंश सापडले, चौकशी बसली आणि कंपनीला आधीपासून सगळं ठाऊक होतं हे सिद्ध झालं. आता आमची माणसं स्वतः खात्री करून घेतल्याखेरीज कुणाच्याही उपग्रहाला हात लावत नाहीत.

हॅलोरनला त्याच कंपनीत सल्लागार नेमलंय. मला पुढच्या उड्डाणातून वगळलं, शिस्त मोडली म्हणून. आमचे वरिष्ठ साहेब म्हणाले, पाहुण्याचा जाहीर अपमान झाला, निदान माफी तरी माग.

मी म्हटलं, "साहेब, मी माफी मागावी म्हणताय. क्लाइडची माफी अजून कुणी मागितलेली नाही."

मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.